मॅटखालची माती

१२ नोव्हेंबर २००६, रविवार

हरलो! घरच्या मैदानावर, सगळ्या गावासमोर. ओतूरवाल्यांनी आमचे सातच्या सात गडी दोनदा बाद केले. चिमाजी तीन वेळा घसरला – कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं त्याला! आहुप्याचा कडा अनवाणी उतरणारा गडी तो, आणि मॅटवर न्हाणीत पडावं तसा पडतो. मीही काही कमी नाही. कॅप्टन ना मी! डाव्या कोपऱ्यातून पकडीला झेपावलो, पाय सटकला, आणि थेट पंचांच्या खुर्चीपाशी जाऊन थांबलो. मागून कोणीतरी ओरडलं, "नाचता येईना अंगण वाकडं!" आवाज ओळखीचा. आमचा सख्खा चुलता.

हौशीराम शेठने लीग काढली तेव्हा केवढा नाचलो होतो मी. आठ गावं, प्रत्येक गावाला निळी रबरी मॅट – मालकी शेठची, सांभाळायची आपण – पगारी खेळाडू, पांढरे बूट. आणि नियम एकच कडक. शेवटचा नंबर येईल तो संघ कायमचा बाद. संघ गेला की गावातली कबड्डी गेली. पोरं आत्ताच बॅट घेऊन हिंडतात. माझ्या हातून हे व्हायला नको. बाकी काहीही झालं तरी चालेल.

१५ नोव्हेंबर

बूट बदलून आणले. तेही घसरतात. मेले सगळे एका माळेचे मणी!

२६ नोव्हेंबर, रविवार

अवसरीत हरलो. एका गुणाने. जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "म्याच हरलीय, मानूस नाय मेलं कुनी." मेलं असतं तर निदान चार लोक सांत्वनाला आले असते.

३ डिसेंबर, रविवार

मंचरलाही हरलो. पण आज कारण कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

यमाजी बापूंनी हा संघ उभा केला. मला पहिली पकड त्यांनीच शिकवली. गावच्या मातीच्या पाया पडल्याशिवाय खेळायचं नाही, हा त्यांचा नेम. आता परगावच्या मॅटवर आपली माती कुठून येणार? म्हणून बापू दर सामन्याला पिशवीतून ती घेऊन येतात आणि मॅटशेजारी ओततात. आम्ही सातही जण तिच्यावर उभे राहतो, चिमूटभर कपाळाला लावतो, आणि तसेच आत जातो. अगदी भक्तिभावाने!

सामना संपल्यावर पंच म्हणाले, "कॅप्टन, बूट वर करा." केला. तळ सगळा तांबडा. "आवो राव, पीठ पेरून त्याच्यावर पळताय तुमी. घसराल न्हाई तर काय?" मंचरचे खेळाडू पोट धरून हसले. बापू पलीकडे वाकून उरलेली माती पिशवीत भरत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

इतके दिवस बुटांना शिव्या घातल्या. आता कुणाला घालू?

५ डिसेंबर

बापूंना सांगायला गेलो. चहा पिऊन परत आलो.

१० डिसेंबर, रविवार

जिंकलो. घोडेगावला. पहिला विजय, आणि मला तोंड दाखवावंसं वाटत नाही.

निघताना एसटीजवळ सगळ्यांसमोर म्हणालो, "बापू, आज माती नको."

"का रं?"

"पाय घसरतो."

"मातीनं? चाळीस वरसं नाय घसरला तो!"

"तेव्हा मॅट नव्हती."

तिथेच थांबायचं, तर माझी जीभ कुठली थांबते! "तुमच्या मातीपायी संघ बुडतोय," असं बोलून गेलो. कंडक्टरसुद्धा माझ्याकडे बघायला लागला. बापूंनी पिशवी काखेत घेतली. "मग बुडू नका," म्हणाले, आणि वळून घराकडे चालू लागले.

चिमाजी आज वाऱ्यासारखा खेळला. एकदाही पडला नाही. पंच बरोबर होते. बापूंचं चुकलं होतं. मग मला चोरी केल्यासारखं का वाटतंय?

७ जानेवारी २००७, रविवार

बाहेर जिंकतो, घरी हरतो. असा संघ जगात दुसरा नसेल! बाकीच्या गावांत मॅटखाली फरशी आहे, नाहीतर शाळेचा हॉल. आमच्याकडे बापूंची चाळलेली, लोण्यासारखी माती. वरून मॅट खचते, तुकडे सुटतात, फटींतून धूळ वर येते. कितीही झाडा. आज परत शेवटच्या नंबरावर आलो.

शेठला फोन केला. म्हणाले, "कोबा करून घ्या की. सिमेंट मी पाठवतो." निवडणूक जवळ आलीय, मागाल ते देतील.

१० जानेवारी

देवळापुढे गाव बसलं. मीच बोललो. कोबा केला तरच संघ वाचेल, नाहीतर ओतूर-मंचरच्या पोरांचे खेळ बघायला तिकडे जा म्हणालो. चांगला बोललो. माणसं माना डोलावत होती.

बापू मागे बसले होते. उठले. "त्या मातीतला खडान् खडा म्या हातानं येचलाय. आजवर एकाचंबी ढोपर फुटलं न्हाई तिथं. दुसरी कंची बी जागा घ्या. ही नगा घेऊ."

दुसरी जागा आहे कुठे? शाळेचं पटांगण उताराचं, गायरानात कातळ. मी म्हणालो, "बापू, माती ठेवायची की संघ, तुम्हीच सांगा."

असं विचारायला नको होतं. पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी रोज रात्री गुणतक्ता डोळ्यांपुढे घेऊन झोपतो. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी केले. बापू तेवढे उभे. मग त्यांनीही केला. संघाच्या बाजूने.

२२ जानेवारी

मुरूम भरून वर कोबा झाला. दिवसातून तीनदा पाणी मारतोय. काढलेली माती ट्रॉलीने ओढ्यात टाकली. टाकताना मी नव्हतो. मुद्दाम नव्हतो.

११ फेब्रुवारी, रविवार

घरच्या मैदानावर जिंकलो! मॅट दगडासारखी बसलीय. एक तुकडा हलला नाही. चुलता येऊन पाठीवर थाप मारून गेला. आता अंगण सरळ झालं वाटतं!

बापू येत नाहीत. त्यांच्या घरावरून जायचं टाळतो. लांबचा रस्ता धरतो, देणेकऱ्यासारखा.

१८ फेब्रुवारी, रविवार

नारायणगावला हरलो. आता शेवटचा सामना उरला. ओतूरशी, घरी. हरलो तर बाद. चिमाजीचा घोटा सुजलाय. हळदीचा लेप लावून बसलाय. मला झोप नाही, भूक नाही. पोरगी काही विचारायला आली तर तिच्यावर खेकसलो. ही म्हणाली, "त्या म्याटसंगंच संसार करा तुमी."

भैरवनाथा, एवढं एक.

२५ फेब्रुवारी, रविवार

वाचलो!! वाचलो!!

शेवटची चढाई ओतूरची होती. गुण सारखे. त्यांचा तो लांब पायांचा गडी माझ्या कोपऱ्याकडे आला. मी घोटा धरला आणि डोळे मिटले. ओढला, फरफटलो, सोडला नाही. त्याचा दम गेला. शिट्टी झाली. मग कोण माझ्या अंगावर पडलं, कोण रडलं, काही कळलं नाही. मी स्वतःच रडत होतो. सातवा नंबर! खालून दुसरे! विश्वचषक आणल्यासारखी मिरवणूक काढली गावाने.

संध्याकाळी पेढे घेऊन बापूंकडे गेलोच. पाय धरले. त्यांनी पेढा खाल्ला. विचारलं, "कुनी घसरलं नाय ना रं?"

"नाही बापू."

"मग झालं तर."

इतक्या दिवसांनी आज पोटभर जेवलो.

१३ मार्च

शेठ निवडणुकीत पडले. चांगलेच पडले.

१६ मार्च

शेठचा माणूस फोनवर म्हणाला, लीग बंद. पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. मी म्हणालो, अहो पण आम्ही सातवे आलो! तो म्हणाला, "कितवे का येईना, भाऊ. आता त्याचं काय?"

१८ मार्च, रविवार

टेम्पो आला. मॅटचे तुकडे मोजून भरले आणि नेले. हात जोडले, म्हटलं आमची तेवढी राहू द्या. ड्रायव्हर बिचारा म्हणाला, "मला सांगून काय उपेग?"

मॅट गेल्यावर चिमाजीने सवयीने उघड्या कोब्यावर एक चढाई मारली. मी सवयीने पकडलं. दोघांचीही ढोपरं सोलली. कोपर फुटलं ते वेगळंच. बाकीची पोरं आमच्याकडे बघत होती. मग एकेक करून घरी गेली.

१९ मार्च

ओढ्यात जाऊन आलो. माती कुठे दिसते का बघायला. पाण्याबरोबर कधीच गेली. फोडायचा म्हटला तर कोबा फोडेलही कोणी, पण खाली काय आहे? मुरूम! माझ्या हाताने मी गावाच्या पायावर धोंडा घातला, आणि वर पाणी मारून पक्का केला.

२५ मार्च, रविवार

लंकाबाईंनी मैदानभर कुरडया घातल्यात. मला बघून म्हणाल्या, "लई ब्येस केलं बगा भरतभाऊ, आख्ख्या गावाची सोय झाली." कडेला यमाजी बापू काठी घेऊन बसले होते. कावळे हाकत.