वायर पुरेल तिथली हवा

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गोदाम अजून जळतंय! टायर, रंग, आणि मालकाला स्वतःलाही धड आठवत नाही असं बरंच काही. अग्निशमनवाले कालपासून पाणी मारताहेत. विझल्यासारखं वाटतं आणि पुन्हा आतून भडकतं.

आमची हवा मोजायची व्हॅन उभी आहे आमच्याच ऑफिसच्या फाटकात. का? तर वीज तिथं आहे. जनरेटर बंद, आणि वायर फाटकापर्यंतच पुरते. वारा आमच्या पाठीकडून आगीकडे वाहतोय. म्हणजे जिथं धूर येतच नाही तिथली हवा आम्ही मन लावून मोजतोय. प्रदूषणाचा आकडा एक्केचाळीस. एरवी याच फाटकात साठ असतो — पण रस्ता बंद आहे, गाड्यांचा धूर नाही ना!

साहेबांनी पत्रकारांना सांगितलं, "हवा नेहमीपेक्षा चांगली आहे." यात खोटं एक अक्षर नाही. तेच तर डोकं उठवतं.

म्हटलं, साहेब, मोजायचं तर खालच्या वस्तीत मोजू या, धूर तिकडे जातोय. "वायर पुरवा, लगेच पाठवतो." हातात धरायचं छोटं मशीन तपासणीला गेलंय. कधी येणार? "प्रक्रियेत आहे."

१९ नोव्हेंबर

खालच्या वस्तीतच बाबा राहतात. दादा जहाजावर नोकरीला, त्यामुळे त्यांचं सगळं वहिनीच बघते. दुपारी तिचा फोन. "ताई, खिडकीत काळी राख साचतेय. बाबा खोकून खोकून अर्धे झालेत. तुम्ही सांगा ना त्यांना, निघा म्हणून. माझं कुठं ऐकतात!"

त्यांना फोन दे म्हटलं. जन्मभर गणित शिकवलेला माणूस!

"आकडा काय?"

"बाबा, तुमच्या भागाचा आकडाच नाहीये."

"मग कुठला आहे?"

"आमच्या फाटकातला. एक्केचाळीस. पण तो —"

"झालं तर मग!" आणि खोकल्याची उबळ. खोकतानाही आवाज जिंकल्यासारखा.

'फार वाईट आकडा आहे' एवढं म्हटलं असतं तर निघाले असते. नाही म्हटलं. न मोजता कसं सांगू? आज एक ठोकून दिला तर उद्या माझ्या कुठल्या आकड्याला अर्थ राहील? वहिनीला हेच समजावलं. ती म्हणाली, "ताई, तुम्हाला नाक नाही का?" आणि फोन ठेवला.

फार राग आला. तिचा की स्वतःचा, ते अजून ठरत नाहीये.

२० नोव्हेंबर

जनरेटर दुरुस्त झाला! डिझेल नाही.

२१ नोव्हेंबर

वहिनीनं कहर केला.

सकाळी बाबांना म्हणाली, "ताईंचा निरोप आलाय. आपल्या गल्लीचा आकडा तीनशे ऐंशी." बाबा म्हणे, "तीनशे ऐंशी काय?" "ते तुमच्या लेकीला विचारा, मी आपली निरोप सांगतेय." आणि बाबा उठले! नुसते उठले नाहीत — काठी घेऊन दारोदार. "आकडा आलाय! माझी मुलगीच मोजते. चला, निघा!" मास्तर सांगताहेत म्हटल्यावर अख्खी गल्ली बाहेर. गाद्या, पेट्या, स्कूटरवर तिघं-तिघं. त्या रेटारेटीत कोपऱ्यावरच्या टेलरकाकू पडल्या. हात मोडला, तोही उजवा.

गल्ली रिकामी झाल्याचं मला कळलं कुणाकडून? साहेबांकडून! "मॅडम, हा तीनशे ऐंशी कुठून आला?" मी म्हणाले, माहीत नाही. तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

संध्याकाळी शाळेतल्या निवाऱ्यात बाबांकडून सगळं कळलं; ते झोपल्यावर वहिनीला गाठलं. माझ्या नावावर खोटा आकडा? लाज नाही वाटली?

"वाटली ना. आधी तीनशेच सांगणार होते. फार गोळाबेरीज वाटली, म्हणून वर ऐंशी लावले."

हसू आलं आणि हसले नाही. पलीकडे बाबा झोपले होते. छातीतली शिट्टी थांबलेली.

२२ नोव्हेंबर

छोटं मशीन आलं एकदाचं. ड्रायव्हर खाली न्यायला तयार होईना, चालत गेले. गल्लीत चिटपाखरू नाही. दोरीवर विसरलेली चादर — पांढरी असणार कधीतरी. मास्क लावूनही घसा सोलवटला. बाबांच्या दारात मोजलं.

सहाशे चाळीस.

मशीन बंद करून पुन्हा मोजलं. सहाशे पंचवीस. वहिनीनं कमीच सांगितलं होतं!

साहेबांपुढे ठेवलं. "ही जागा मोजणीच्या मंजूर जागांत नाही."

"साहेब, तिथं माणसं राहतात."

"आता कुठं राहतात? गेली ना सगळी."



२३ नोव्हेंबर

आग विझली. चौकशी लागली. टेलरकाकूंच्या मुलानं तक्रार केलीय, आणि चुकीचं काय केलं त्यानं? लग्नाचा सीझन तोंडावर, शिवणार कोण?

साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं — आकडा बाहेरच्या कुणी पसरवला असेल तर अफवेचा गुन्हा, थेट पोलिसात. खात्यातल्या कुणी दिला असेल तर नोकरी गेली समजा.

वहिनीच्या कानावर घातलं. डबे घासत होती, मान वर केली नाही. "मग मीच जाऊन सांगते. मला नेलं तर बाबांच्या गोळ्या तेवढ्या बघा. पांढरी सकाळची." घासलेला डबा पालथा घालत म्हणाली, "तुम्हाला काही व्हायचं नाही ताई. तुम्ही कुठं काय बोललात!"

टोमणा नव्हता. म्हणूनच लागला.

खरं आहे. या सगळ्यात मी एक शब्दही खोटा बोलले नाही. साहेबही नाही बोलले.

२४ नोव्हेंबर

पहिलं नाव माझंच पुकारलं.

"तीनशे ऐंशी हा आकडा कुणी दिला?"

"मी."

साहेब पुढे झुकले. "कुठल्या मशीनवर मोजलात?"

"मोजला नव्हता."