पायांपासून वर

१४ जानेवारी
संक्रांत. सोसायटीत तिळगूळ वाटला, निम्म्या घरांनी हातावर लोहडीची रेवडी ठेवली. दुपारपर्यंत धुकं. मंदारच्या तळव्यांना कालपासून मुंग्या. "थंडी आहे गं," म्हणाला. मोज्यांवर मोजे चढवून मोहालीला ऑफिसला गेला. नववर्षाच्या सुमारास पोट बिघडलं होतं, त्याचाच अशक्तपणा असेल.

१५ जाने.
मंदार जिन्यात खाली बसला तो उठेचना. आधी मी हसले. मग वर आणून रिफ्लेक्स तपासायची रबरी हातोडी काढली, कॉलेजात मुलांना दाखवते तीच. गुडघ्याखाली टक. पाय हलला नाही. दुसरा. नाही. टाचेमागे. नाही.
"काय झालं?"
"काही नाही. नीट लागली नाही."
गार्गी मध्येच, "मम्मा, मुझे भी मारो ना!" तिचा पाय टुणकन उडाला. नऊ वर्षांची आहे, टाळ्या पिटत होती.
तिला शेजारी सोडून कॅब बोलावली. झिरकपूरचा जॅम, नेहमीचाच. गाडीत मं. हळूच म्हणाला, "आता हातालाही येतंय."

१६ जाने.
गियां-बारे सिंड्रोम. पोटातल्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलं. नसांवरचं वेष्टण सोलून निघतंय. मेंदू शाबूत, मज्जारज्जू शाबूत. हुकूम निघतो, पोचत नाही. दरवर्षी फिजिऑलॉजीच्या वर्गात हे वाक्य सांगते, मुलं उतरवून घेतात.
आयसीयूत डॉक्टर सिमरन आहे, माझी जुनी विद्यार्थिनी. मी तिला डोस, तपासण्या, एकामागून एक विचारत सुटले. तिनं माझा हात धरला. "मॅम, यहाँ आप मॅम नहीं हो. पेशंट की वाइफ हो."

१८ जाने.
श्वासाची ताकद बघायला एका श्वासात आकडे म्हणायला लावतात. सकाळी बराच पुढे गेला. दुपारी मध्येच अडकला. व्हेंटिलेटर लावायचं ठरलं.
नळी घालण्याआधी मला म्हणाला, "मला सगळं कळत राहील ना?"
"हो."
खरं तेच सांगितलं. त्याला धीर द्यायला सांगितलं.

२१ जाने.
चेहरा गेला. पापण्याही. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून वर पट्टी. ऐकू येतं त्याला, सगळे तेच म्हणतात. दुखतंही. चादर सरकवली तरी नाडी पळते.
गार्गीचा आवाज फोनवरून ऐकवला. "पापा, जल्दी आओ यार." नाडी वाढली! मी ओरडलेच.
सिमरन, "मॅम, ऑटोनॉमिक है. इस पे मत जाइए."
माहीत आहे. हृदय आणि बीपी सांभाळणाऱ्या नसाही यात बिघडतात, मीच शिकवलंय तिला. तरी परत ऐकवला. परत वाढली. तिसऱ्यांदा नाही. मग मी नाही ऐकवला.

२५ जाने.
इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीज, देऊन झालं. फरक शून्य. सासूबाईंचा नाशिकहून फोन. "अगं, तू डॉक्टर ना? काहीतरी कर."
"आई, मी शिकवते. बरं नाही करत."
फोन कुणीच ठेवेना.

२ फेब्रु.
नसांच्या तपासणीचा रिपोर्ट. नुसतं वेष्टण गेलेलं नाही, आतले तंतूही बऱ्याच ठिकाणी गेलेत. वेष्टण त्या मानानं लवकर भरतं. तंतू दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो, वाढला तर. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. मं. चांगला उंच आहे. त्याच्या उंचीचा आज पहिल्यांदा राग आला.
पार्किंगमध्ये काचा वर करून रडले. बाहेरचा एकजण गाडी कधी निघते याची वाट बघत उभा.

१० फेब्रु.
रजा संपली, वर्ग घेतला. प्रतिक्षिप्त क्रिया. शेवटच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅम, पूरा पॅरालिसिस हो तो पेशंट को अंदर पता चलता है?" मार्कर टेबलावर ठेवला. बाहेर आले. पुढचं त्यांनी पुस्तकातून वाचलं असेल.

१९ फेब्रु.
नळी आता तोंडातून नाही, गळ्याला छेद देऊन. आणि उजवी पापणी हलली! भास असेल म्हणून सिमरनला बोलावलं. तिनंही पाहिली. पंजाबीत काहीतरी पुटपुटली, डोळे पुसले, आणि लगेच डॉक्टरसारखी वागायला लागली.
"हो" म्हणजे एकदा मिटायची, असं मं.ला सांगितलं. मिटली.
आतच आहे तो. इतके दिवस आतच होता.

२२ फेब्रु.
आज मुळाक्षरांनी बोललो. मी ओळी म्हणायच्या, त्यानं पापणी मिटायची. क, च, ट, त, प. मिटली. प, फ, ब. मिटली. पुन्हा पहिल्यापासून. पार श, ष, स. मिटली.
बस.
"पुढे?" पुढे काही नाही. थकला, डोळा मिटलेलाच ठेवला.
सकाळपासून मी त्याच्या उशाशी उभी होते. खुर्ची मागे रिकामी.
बाहेर येऊन गार्गीला फोन केला. पापा बोलला म्हटलं.
"क्या बोला?"
"बस."
"बस मतलब? और नहीं चाहिए?"
"मला बसायला सांगत असेल," म्हटलं आणि फोन ठेवला. आत गेले. खुर्ची ओढून बसले, त्याचा हात हातात घेतला. गार होता. सिमरन म्हणाली, "आराम करने दीजिए, कल पूछिएगा."
उद्या त्याला नेमकं काय विचारायचं, ते ठरत नाही.