हरभऱ्याची आंब आणि तीन संशयित गोळ्या

धाराशिव, पौष वद्य पंचमी

ती. महालिंगप्पा दाजींना विरुपाक्षाचा शरणार्थ. सोलापुरात अक्का आणि मुलं सुखरूप असतीलच. वाटेत हे पत्र उघडून वाचणाऱ्या पोलीस अमीन साहेबांनाही नमस्कार. त्यांचंही कुटुंब खुशाल असावं.

माझी छाती मात्र जळते आहे. सोमवारी येडशीच्या वाचनालयात माझं भाषण आहे, विषय ‘निर्भयता’. (मागच्या खेपेला तुळजापुरात ‘हे जुलमी सरकार’ म्हणून मी थांबलो, तो आंबट ढेकर आल्यामुळे. लोकांना वाटलं, घाबरलो. पुन्हा तसं झालं तर मला कोणी व्यासपीठावर चढू देणार नाही.) म्हणून गोळी हवी. पण कोणती? तुम्ही पाठवलेली सोलापूरची, इथल्या हकीमांची आणि उमरग्याच्या वैद्यांची, तिन्हींवर माझा विश्वास नाही.

तेव्हा परीक्षाच घेतली. पोटातल्या आम्लाच्या जागी हरभऱ्याची आंब, म्हणजे पानांवरचं आंबट दव, धरली. पहाटे शेतात हरभऱ्यावर जुन्या कापडाची धडपी पसरली, ती दवानं भिजल्यावर पिळून आंब तीन वाट्यांत सारखी ओतली आणि जास्वंदीचा रस घातला. लालभडक झाली. आम्ल मेलं की ही लाली जाते, असं मी वाचलं आहे. मग एकेका वाटीत एकेक गोळी सोडली. वैद्यांची तळाशी बसून राहिली (आळशी असावी, किंवा तटस्थ). हकीमांच्या गोळीनं लाली अर्धवट उतरवली. तुमची मात्र फसफसली आणि बघता बघता सगळं जांभळं करून मोकळी झाली. दाजी, इथंच मला शंका आली. वक्त्याच्या पोटातली आग इतक्या तत्परतेनं विझवणं कुणाच्या सोयीचं आहे?

एवढ्यात शिवगंगा (अक्काची भावजय, दारात उभी राहून सगळं बघत होती) म्हणाली, “अहो, पोट दुखलं की आमची माय हीच आंब पाजायची. तुमी औषधालाच औषध पाजलं व्हय! आन् एरवी ठेचा पचतो की तुमाला. सभा ठरली की मगच जळतंय.” हे तिनं गोळ्या विरघळेपर्यंत का सांगितलं नाही? तिच्यावरही नजर ठेवून आहे.

आपला,
विरुपाक्ष

ता. क. सभेला परवानगी नाकारल्याचं आत्ताच कळलं. तीव्र निषेध! (जळजळ एकाएकी थांबली. गोळी एकही घेतली नव्हती. ठेच्याबरोबर दोन भाकरी खाल्ल्या. तपास चालू आहे.)

दुसरा ता. क. परवानगी मिळाली म्हणे. पुन्हा पेटलं आहे. तुमच्याच गोळ्या भरपूर पाठवा, संशय मागे घेतो.

फक्त अमीन साहेबांसाठी: परवानगीचा आपण फेरविचार करणार असाल, तर माझं भाषण अत्यंत जहाल आहे, एवढंच नम्रपणे कळवतो.