गाडीचे कलम, दुरुस्तीसह

मी, खाली सही करणारा, वजनकाटे दुरुस्त करण्याचा आणि तपासून देण्याचा धंदा करणारा, वय छप्पन्न, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी फूस लावलेली नाही. घरात दबाव आहे, तो बायकोचा आहे आणि गाडीबाबत आहे. मृत्युपत्र करा असा दबाव कोणाचाच नाही, म्हणून वरचे वाक्य खरे धरावे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. गिऱ्हाइकाला मीही तसेच सांगतो, आणि मग काटा उघडतो.

मजकूर माझ्या मेहुणीने तपासला आहे. ती वकील आहे. मी शाळा नववीत सोडली, पुढचे सगळे स्वतः शिकलो, त्यामुळे मजकूर माझा आणि कायदा तिचा, असे ठरले आहे.

कलम १. राहते घर पत्नीला, तिच्यानंतर मुलीला. बाल्कनीचे दार लावताना थोडे उचलावे लागते. त्यासाठी सुताराला बोलावू नये. तो दार तासून ठेवील. दार सरळ आहे, भिंत वाकडी आहे.

कलम २. बँकेतील ठेवी पत्नी आणि मुलगी यांना समान. समान म्हणजे समान. मुलीने "आई, तूच ठेव गं" असे म्हणू नये, आणि म्हटलेच तर आईने ऐकू नये.

कलम ३. तपासणीच्या वजनांची लाकडी पेटी आणि सर्व हत्यारे अंदाजे यास द्यावीत. अंदाजे हे त्याचे नाव नव्हे. आमच्या भागात या धंद्यात आम्ही दोघेच. काटा बरोबर आहे का, असे विचारले की तो म्हणतो, "अंदाजे बरोबर आहे." काट्याच्या धंद्यातला माणूस हे बोलतो! माझे धान्याच्या गोदामाचे गिऱ्हाईक त्याने पळवले, तेही मी तापाने पडलो होतो तेव्हा. तरी पेटी त्यालाच द्यावी, कारण दुसरा कोणीही ती भंगारात घालील. वजनांना उघडा हात लावायचा नाही, घामाने वजन बदलते, हे त्याला पुन्हा सांगावे. माहीत आहे म्हणेल. तरी सांगावे.

कलम ४. गाडी. इथे घोडे अडले आहे.

माझ्या मालकीची एक राखाडी पेट्रोल गाडी आहे. ती ठेवायची की देऊन टाकून प्लग-इन हायब्रिड घ्यायची, यावर घरात वर्षभर खल चालू आहे. मी म्हटले, मृत्युपत्रात तूर्त राखाडी गाडी लिहू. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही जाल त्या दिवशी जे तुमचं असेल तेच देता येतं. आज राखाडी लिहिलीत आणि उद्या बदललीत, तर कलम हवेत."

"म्हणजे आधी गाडीचं ठरवायचं आणि मग मरायचं?"

"मरायचं मी कुठे म्हटलं? ठरवा, एवढंच म्हणतेय. ताई तर वर्षभर तेच म्हणतेय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरीही असते आणि पेट्रोलचे इंजिनही. घरी प्लग लावून ठेवायचा, जवळपास विजेवर फिरायचे, लांब जायचे तर पेट्रोल आहेच. ऐकायला गोड आहे. म्हणजे एका बॉनेटखाली दोन संसार, आणि कोणाचेही बिनसले तरी भुर्दंड आपल्याला. शिवाय प्लग लावायचा आळस केला की राहते ती नुसती जड पेट्रोल गाडी. मुलीने फोनवर सांगितले, "बाबा, घ्यायची तर पूर्ण विजेची घ्या ना, हे अर्धवट कशाला?" तिला माझ्या गिऱ्हाइकांच्या लांबच्या गिरण्यांचे रस्ते माहीत नाहीत. तिथे चार्जिंग सोडा, चहासुद्धा मिळत नाही.

शोरूममध्ये मी बायकोबरोबर मोजायची टेप घेऊन गेलो. बॅटरी मागे खाली बसवल्यामुळे डिकीचा तळ वर आलेला आहे. माझी वजनांची पेटी त्यात आडवी जात नाही. उभी जाते, पण वजनांची पेटी उभी ठेवणे म्हणजे माणसाला डोक्यावर उभे करणे. स्टेपनी नाही. तिच्या जागी पंक्चरवर ओतायच्या औषधाची बाटली.

"काका, स्टेपनी हल्ली कोणी देत नाही," विक्रेता म्हणाला.

"पंक्चर व्हायचं बंद झालं का?"

"तसं नाही, पण..."

"मग?"

"सोडा हो त्याला," बायको म्हणाली, "जेवायचा राहिलाय तो." मग तिने त्याच्याकडे किल्ली मागितली. मी मागच्या सीटकडे निघालो, तर म्हणाली, "तुम्ही नको. तुम्ही सोफ्यावर बसा."

मी सोफ्यावर बसलो. समोर माहितीपत्रक होते, त्यात दोन चुका होत्या. ती परत आली तेव्हा शीळ घालत होती. लग्नाला इतकी वर्षे झाली, तिला शीळ घालता येते हे मला ठाऊक नव्हते.

तिचा मुद्दाही नोंदवतो, म्हणजे माझ्या माघारी कोणी मला एकतर्फी म्हणू नये. शस्त्रक्रियेनंतर काही महिने मला गाडी चालवायची नाही, आणि जड उचलणे कायमचे बंद. हे वाक्य मी डॉक्टरांना पुन्हा म्हणायला लावले. त्यांनी तेच म्हटले. तेव्हा गाडी चालवणार ती. परवाना तिच्याकडे आहे. राखाडी गाडीवर तिने एकदा प्रयत्न केला होता. चढावर गाडी बंद पडली, मी शेजारी बसून "क्लच. क्लच. अर्धा. अर्धा म्हटलं ना!" असे योग्य ते सांगत होतो. तिने हँडब्रेक ओढला, किल्ली माझ्या मांडीवर ठेवली आणि चालत घरी गेली. नव्या गाडीला क्लच नाही. हा तिचा एकमेव मुद्दा. मायलेज, बॅटरी, डिकी, कशातच तिला रस नाही. मी म्हणतो, हे गाडी घेण्याचे कारण असू शकत नाही. ती म्हणते, हेच कारण आहे. मी म्हणतो, पेटी कुठे ठेवायची? ती म्हणते, पेटी कोण उचलणार?

सबब, मेहुणीच्या सल्ल्याने असे लिहितो: माझ्या मृत्यूच्या दिवशी माझ्या मालकीची जी कोणती गाडी असेल ती पत्नीची. ती ठेवावी, विकावी की बदलावी, हे सर्वस्वी पत्नीने ठरवावे. कोणीही, मुलीसकट, मध्ये तोंड घालू नये.

कलम ५. इमारतीच्या सेक्रेटरींना मी काहीही ठेवत नाही. हे नजरचुकीने राहिलेले नाही. माझ्या मीटरपासून खाली पार्किंगपर्यंत चार्जिंगची वायर नेता येईल का, एवढे मी विचारले होते. तेही केवळ माहितीसाठी. ते म्हणाले, "आज तुमची वायर, उद्या भिंतीवर जंगल." मी म्हटले, "उद्या सगळ्यांच्या गाड्या पाण्यावर चालणार आहेत का?" म्हणाले, लेखी द्या. दिले. म्हणाले, अक्षर लागत नाही. माझे अक्षर! काट्यांच्या तबकड्यांवर आकडे मी हाताने रंगवतो. पुन्हा दिले. ते अजून विचाराधीन आहे.

येथे मूळ मृत्युपत्र संपले होते. पुढील मजकूर नंतर जोडलेला आहे, आणि तो का जोडावा लागला तेही लिहितो.

स्वच्छ प्रत करून मी बायकोला वाचायला दिली. मेहुणी समोर होती. बायकोने चष्मा लावून सगळे वाचले, मग मागे जाऊन चौथे पुन्हा वाचले.

"तुम्ही गेल्यावर गाडीचं मी ठरवायचं?"

"हो."

"सर्वस्वी?"

"तसं लिहिलंय."

"कोणी मध्ये तोंड घालायचं नाही?"

"नाही."

"मग त्यासाठी तुम्ही मरेपर्यंत कशाला थांबायचं?"

मेहुणी खिडकीतून बाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखे काही नव्हते. माझ्यापाशी उत्तरे होती. बॅटरीच्या हमीचे होते, पुढे विकताना काय होईल याचे होते, डिकीच्या उंचीचे तर मापासकट होते. पण तिने त्यातले काही विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी जाऊन गाडी तिच्या नावावर घेऊन आल्या. लाल रंगाची तयार उभी होती. तो रंग कोणी घेत नाही म्हणून उभी असणार, असे मी म्हटले. वायरची परवानगीही बायकोनेच आणली. कशी, ते मला सांगत नाही. वायर भिंतीवर थोडी तिरकी बसली आहे.

म्हणून दुरुस्ती पुढीलप्रमाणे.

कलम ४ रद्द. राखाडी गाडी सध्या बाहेर रस्त्यावर उभी आहे. ती अंदाजे यास पेटीसह द्यावी, कारण त्या पेटीला सपाट बसणारी दुसरी डिकी मला माहीत नाही. मी शस्त्रक्रियेतून सुखरूप उठलो, तरी पेटी मला उचलायची नाही, तेव्हा किल्ली माझी मलाच त्याच्या हातात ठेवावी लागेल. दोन्हींपैकी सोपे काय, हे मी लिहीत नाही.

प्लग-इन हायब्रिड घेण्याच्या निर्णयाशी मी सहमत नाही. नोंद असावी.

उद्या रुग्णालयात मला पत्नी नेणार आहे. मी मागच्या सीटवर बसायचे, असे तिने ठरवले आहे.

लाल गाडी पत्नीच्या मालकीची आहे. ती कोणास देण्याचा मला अधिकार नाही. ती कशी चालवावी याबद्दल या ठिकाणी नऊ सूचना लिहिल्या होत्या. त्या मी स्वतः खोडल्या आहेत, आणि खाडाखोडीवर माझी सही आहे.

सही: मृत्युपत्र करणारा, वजनकाटे दुरुस्ती व तपासणी

आमच्यासमक्ष वाचून, समजून सही केली. सही करताना हात स्थिर होता.

साक्षीदार पहिला: घरचे डॉक्टर
साक्षीदार दुसरा: तळमजल्यावरचा शिंपी

स्थळ: राहत्या घरातले जेवणाचे टेबल
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदला दिवस, गुरुवार