पिंकीच्या पायाचं प्लास्टर

सोम. ५ जाने. २००४
पिंकीला आर्वीहून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. वय दोन महिने. उजवं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. दर सोमवारी थोडं सरळ करून प्लास्टर, पाच-सहा वेळा. प्लास्टर करणारे मेश्रामकाका म्हणाले, "घाबरू नको बाई. गरम लागीन, पन भाजत नाई." हात लावून पाहिला. गरमच.
मला नवीन नाही. बचत गटात आम्ही प्लास्टरच्या याच भुकटीचे खडू पाडतो.

गुरु. ८ जाने.
गटात गेले. भुकटीचं पोतं ओल्या भिंतीला टेकलेलं, अर्धं दगड झालं. शोभाताईंनी कुटून पुन्हा कालवलं. धरलंच नाही, साच्यात भुगा. एकदा ओल खाल्ली की संपलं.

सोम. १९ जाने.
तिसरं प्लास्टर. संध्याकाळी बोटं फुगली, निळसर. दाबून पाहिलं, रंग परत येईना. शेवटची एस.टी. गेलेली, हे अजून कामावर. कात्रीची भीती वाटली. घमेल्यात कोमट पाणी घेतलं, पाय मांडीपर्यंत बुडवला. वाळल्या खडूवरही नख उठतं, हे तर भिजलेलं. नखानं टोक सोडवलं, पट्टी उलगडत गेले. अर्धा तास. बोटं गुलाबी झाली.
सासूबाई: "बस झालं आता. लंगडी राह्यली तं राह्यली. काऊन छळून राह्यली लेकराले?"
मी सकाळच्या गाडीचे पैसे काढून ठेवले.

मंगळ. २० जाने.
पहिल्या गाडीनं गेले. डॉक्टर म्हणाले, काढलंत ते बरं केलंत. पुन्हा प्लास्टर. काकांनी तासभर बसवून घेतलं, दोनदा बोटं पाहिली.

सोम. १ मार्च
शेवटचं निघालं. पाऊल सरळ! पोटरी बारीक. आता मधे दांडी असलेले बूट, दिवसरात्र. पुढं फक्त झोपताना, तीन-चार वर्षं. "बूट सोडले तं पाय परत वळते, टाच टेकत नाई," काका.
घरी सासूबाई पाऊल हातात घेऊन बसून राहिल्या. संध्याकाळी बूट त्यांनीच चढवले. डावा उजव्यात. मी बदलले.

गुरु. ९ सप्टें.
चार दिवस झाले, झोपेत बूट लाथाडून काढते. पाऊल पुन्हा आत येतंय, असं मला वाटतं. यांना नाही वाटत. सोमवारी दाखवायचं.
आज खाट धरून उभी राहिली. पहिल्यांदाच. सासूबाई ओरडल्या, "टाच टेकली का वं? पाह्य!"
वाकून पाहीपर्यंत बसली.