मेहरूणच्या तलावात सोडलेलं पुण्य

बाबूजी, घरात आपण मारवाडी बोलायचो, पण हे मी मराठीत लिहितोय, कारण रागाला मला मराठीच लागते. तुम्ही ती फक्त गिऱ्हाइकांपुरती ठेवली होती. तुमच्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी काचेचा गोल बाऊल असायचा, त्यात एकटा गोल्डफिश. पाणी दुधाळ व्हायचं, मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करायचा आणि तुम्ही कौतुकाने म्हणायचात, "बघा, कसा खेळतो!" तो गुदमरत होता, बाबूजी. मेला की म्हणायचात, "आपल्यावरचं संकट त्याने अंगावर घेतलं," आणि संध्याकाळी नवा आणायचात. इतकी संकटं आपल्या दुकानावर कोण धाडत होतं, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नाही.

आपल्या मेहरूणच्या घराच्या माडीवर मी ठेवलेल्या माशांच्या टाकीकडे मात्र तुम्ही नाक मुरडून बघायचात. मी तेव्हा कॉलेजात होतो. मुंबईहून बोटाएवढ्या माशांची जोडी मागवली होती, बुटक्या सिक्लिडांची. दुकानदाराने ककाटू जातीची म्हणून विकली. नर मोठा झाला तशी शेपटी टोकदार पानासारखी निघाली आणि अंगावरची काळी रेघ थेट शेपटीच्या टोकापर्यंत गेली. म्हणजे ककाटू नव्हे, अगासिझी. तेवढं ओळखू आल्यावर मला झालेला आनंद तुम्हाला सांगायला मी दुकानात धावत आलो होतो, हे आता आठवलं की स्वतःचीच कीव येते. तुम्ही विचारलंत, "विकले जातात का?"

आपल्या बोअरचं पाणी त्यांना जड. मी आरओचं पाणी साठवलं, ते त्यांच्या नदीसारखं तांबूस व्हावं म्हणून त्यात देशी बदामाची वाळलेली पानं टाकली, नारळाची करवंटी पालथी घालून गुहा केली. मग एके सकाळी मातकट रंगाची ती मादी हळदीसारखी पिवळी झाली. करवंटीच्या छताला अंडी चिकटवून ती दारातच उभी राहिली आणि तिच्या दुप्पट मोठ्या नराला तिने कोपऱ्यात दाबून ठेवलं. पिल्लं पोहायला लागली तेव्हा त्यांना पहिला घास म्हणून मिठाच्या पाण्यात अंड्यांतून फुटणारे बारीक जीव लागले, अर्टेमिया. तिथे तुमचा धर्म जागा झाला. "जीव मारून जीव जगवतोस? आपल्या घरात?" आई तुमच्यापेक्षा कितीतरी कडक पाळायची. ती एवढंच म्हणाली, "मला पटत नाही. मी त्या खोलीत येणार नाही." आणि नाही आली. तिच्या नकाराचा मी मान ठेवला, कारण तो तिने कुणाला दाखवायला केला नव्हता.

पर्युषणात मी दुपारी घरी येतो तर टाकीचं झाकण बाजूला पडलेलं. तुम्ही ओसरीवर, कपाळाला टिळा, हातात पितळी कलश, भोवती बाजारातले चार व्यापारी पेढे खातायत.

"मोकळं केलं रे तुझ्या पिल्लांना," तुम्ही म्हणालात.

"कुठे?"

"तलावात. केवढं पाणी आहे तिथे! उद्या फोटो येईल पेपरात."

मी तसाच तलावावर पळालो. काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाला विचारलं. तो हसला. "भाऊ, आठे बठ्ठा टिलापीच शे. बारका मासा एक बी टिकाव नही." अर्टेमिया वाचवायला तुम्ही ती पिल्लं तलावभर पसरलेल्या, बारके मासे गिळणाऱ्या टिलापींच्या तोंडी दिलीत, तीही कलशातून, मंत्र म्हणत.

घरी परतलो तर मादी अजून पिवळीच. सकाळी घातलेल्या अर्टेमियांपैकी थोड्या उरल्या होत्या, पाण्यात झटके देत फिरत होत्या. ती त्यांनाच पिल्लं समजून राखत होती. नर जवळ आला की अंगावर जायची, पुन्हा त्यांच्यापाशी यायची. संध्याकाळपर्यंत गोड्या पाण्यात त्याही संपल्या. तुम्हाला बोलावून दाखवलं. तुम्ही चष्मा वर करून पाहिलंत आणि म्हणालात, "छान आहे रंग."

तो फोटो तुम्ही फ्रेम करून दुकानात लावलात. पुढे दर पर्युषणात कलश निघायचा, आता बाजारातून विकत आणलेल्या माशांसाठी. तुमच्या शोकसभेत एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, की ह्या माणसाने मुक्या जिवांना तलाव दिला. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, रडतोय.

आता मी धुळ्यात आहे. एका खोलीत फक्त टाक्या आहेत. दूरची माणसं फोटो पाठवून विचारतात, ही मादी कुठल्या जातीची? मी सांगतो, आधी नर दाखवा, आणि कुठल्या पाण्यातून आली ते सांगा. सगळ्या माद्या पिवळ्या झाल्या की सारख्याच दिसतात. हे मी तुम्हालाही सांगितलं असतं. तुम्हाला ऐकायचं नव्हतं.

हे कागद कुणाला पाठवायचे नाहीत, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. शेवटच्या आजारपणात तुम्ही इथे, धुळ्याच्या दवाखान्यात होतात. सलाईन चालू होतं. आई डबा आणायला गेली होती. तुम्ही अचानक विचारलंत, "ती तुझी पिल्लं... मोठी झाली असतील का रे?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुमच्या तोंडून 'तुझी' हा शब्द नुसता, टोमण्याशिवाय आला. माझ्याकडे उत्तर तयार होतं, टिलापीसकट. मी म्हणालो, "हो बाबूजी. मोठी झाली." तुम्ही डोळे मिटलेत. तुम्हाला बरं वाटलं. मलाही वाटलं, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.