पोटात दुखतंय

॥ श्री ॥

कोल्हापूर,
शनिवार, १८ जानेवारी २०२५

चि. सौ. आदितीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

आजऱ्याचे काजू पोचले. बरणीत भरायच्या आधीच निम्मे ह्यांनी संपवले. बाकी सगळी खुशाली. जिने चढताना माझा गुडघा कुरकुरतो, पण वयच आहे ते. तू हल्ली गातेस का गं? सहज विचारलं.

मोबाईल असताना अक्काला पत्राचं खूळ कुठून सुचलं, म्हणशील. हा माझा गृहपाठ आहे, चोपन्नाव्या वर्षी. आमच्या शाळेत जूनपासून सौंदर्या नावाची नवी बाई आली आहे, निपाणीकडची, जेमतेम सव्वीसची. परिपाठ झाला की रोज एका वर्गात ती 'मनाचा तास' घेते. म्हणायचं तास आणि संपवायचं पंधरा मिनिटांत. फळ्याशेजारी चार कापडी खिसे टांगलेत: आनंद, राग, भीती, दुःख. पोरं आपल्या नावाची चिठ्ठी वाटेल त्या खिशात घालतात, मग ही एकेकाला जवळ बसवून विचारते. आम्हा शिक्षकांनाही तिने काम दिलं. ज्याच्याशी मनातलं बोलायचं राहून गेलंय अशा माणसाला पत्र लिहा आणि खरंच पोस्टात टाका. मुख्याध्यापक जोतीराम सरांनी लगेच मान डोलावली. ती काहीही म्हणाली तरी ते डोलावतात.

तीस वर्षं मी तिसरीला शिकवतेय. कोण उपाशी आलंय, कोणाला घरी मार बसलाय, हे मला हजेरी घेतानाच कळतं. त्यासाठी मला कधी खिसे शिवावे लागले नाहीत आणि त्यासाठी माझा फोटोही कधी पेपरात आला नाही. तिचा आला. मधल्या सुट्टीत पोरं माझ्या टेबलाभोवती असायची, आता तिच्या ओढणीला लोंबकळतात. आणि माझ्याच वर्गात मी मागच्या बाकावर बसून तिचा तास बघायचा. सरळच लिहिते, मला ती बघवत नाही. तिचं हसणं बघवत नाही, तिचा डबासुद्धा बघवत नाही.

माझ्या वर्गात क्रांती नावाची मुलगी आहे, आठ वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची चिठ्ठी कुठल्याच खिशात पडेना. सौंदर्याने विचारलं तर म्हणाली, "माझ्या पोटात दुखतंय." दर वेळी तेच. सौंदर्याने आधी ओवा दिला, मग आईला बोलावून तिखट बंद करायला सांगितलं. तेव्हापासून पोरगी मऊ भात खातेय, तेही कोल्हापुरात. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही सापडलं नाही. शेवटी परवाच्या गुरुवारी घशातून दुर्बीण घालून बघायचं ठरलं.

मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, आदिती.

क्रांतीची आजी चिमणाबाई तिला न्यायला फाटकाशी येते. मी सहज विचारलं, "पोरीचं काय दुखतंय हो?" तर हसून म्हणाली, "कुटलं काय ओ बाई. दिवाळीत भाऊ झालाय की हिला. तवापास्नं हिच्या पोटात दुखाय लागलंय." क्रांती शेजारी खाली मान घालून उभी होती. जे होतंय त्याला घरात जे नाव मिळालं, तेच तिने शाळेत येऊन सांगितलं. ते कुठल्याच खिशावर नव्हतं.

आणि मी गप्प बसले. उद्या सांगू म्हणत दोन महिने घालवले. मला बरं वाटत होतं गं. पोरांचं मन वाचणारी बाई पोटाशीच अडली होती. ती स्टाफरूममध्ये रडवेली होऊन विचारायची, "बाई, माझं काय चुकतंय?" मी चहा ओतत म्हणायचे, "लहान पोरं, होतं असं."

बुधवारी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, क्रांतीने मला तिळगूळ दिला. समोर मैदानात सौंदर्याभोवती पोरांची झुंबड होती, मी तिकडे बघत होते. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, तुमच्या बी पोटात दुखतंय व्हय?"

"मला काय होतंय?"

"मी बाळाकडं बघती तशा तुमी सौंदर्या बाईंकडं बघताय की."

तिळगूळ हातातच राहिला. मी उठले, सौंदर्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या कन्नडात होट्टेकिच्चू म्हणतात, पोटातली आग. पोटात दुखणं मला माहीतच नव्हतं." मग तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. ती तडक क्रांतीच्या आईला फोन करायला गेली. दुर्बीण टळली. माझ्याशी ती अजून कामापुरतंच बोलते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

गुरुवारी घरी मी जुन्या ब्लाऊजपीसचा पाचवा खिसा शिवला. त्यावर काय लिहावं सुचेना, म्हणून 'पोटात दुखतंय' असंच लिहिलं. काल त्यात पहिली चिठ्ठी मी माझ्या नावाची टाकली. पोरं खूप हसली. क्रांती हसली नाही. तिने उठून आपली चिठ्ठी माझ्या चिठ्ठीवर ठेवली.

तो खिसा शिवायला डबा उघडला आणि तू आठवलीस.

तू बारावीत होतीस. तुला आकाशवाणीचं आवाज चाचणीचं पत्र आलं होतं. चाचणी सोमवारी होती आणि पत्र तुझ्या हातात मंगळवारी पडलं. टपालच उशिरा आलं असं मी सांगितलं. आप्पा पोस्टात जाऊन भांडून आले. तू दोन दिवस जेवली नाहीस, आणि पुढे घरात गाणंच बंद केलंस. टपाल वेळेवर आलं होतं, आदिती. गुरुवारपासून ते माझ्या ह्याच शिवणाच्या डब्यात होतं. पाव्हणे आले की सगळे तुलाच गायला सांगायचे आणि मी आत भाकऱ्या थापत असायचे. माझ्या पोटात दुखायचं.

तेव्हापासून दर वर्षी पर्युषण संपलं की क्षमावणीला तुझ्यापुढे हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणत आले, कशाची ते कधी सांगितलं नाही. यंदाच्या क्षमावणीला अजून आठ महिने आहेत. तोवर थांबले तर हेही डब्यातच राहील. म्हणून पाचच्या आत स्वतः जाऊन पेटीत टाकते.

उत्तम क्षमा, आदिती. त्या पत्राची.

तुझी,
अक्का